मऊ हाडांचे दिवस

माळेवाडी, ता. कंधार
६ जुलै २०२४

वर्षाबाई,

तुझं पाकीट पोस्टमननं घरी न आणता गिरणीवर ठेवलं आणि गिरणीवाल्यानं ते चाळणीखाली. दोन दिवसांनी मिळालं, पीठ झटकून वाचलं. आपलं कागदावरच बरं आहे. फोनवर तू "हं, हं, बरं माय" करतीस, मागून वॉर्डातलं कुणीतरी "मावशी" म्हणून हाक मारतं आणि तू ठेवतीस. पुण्याच्या दवाखान्यात तुला सगळे मावशी म्हणतात हे मला अजून पचत नाही. माझी लेक आणि जगाची मावशी.

सुकन्याचं वाचलं. साडेपाच वर्षांची झाली तरी तिची मुताची पिशवी लिंबाएवढीच राहिली, लघवी धरत नाही, म्हणून आता ऑक्टोबरात आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करणार. आणि बेंबीपाशी वाट काढून दर चार तासांनी नळीनं लघवी काढायची. एवढ्याशा अंगावर हे तिसरं ऑपरेशन. शाळेत बाई तिला दाराजवळ बसवतात, वास येतो म्हणून, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढच्या ओळीत माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. गुडघ्याला काय धाड भरली आहे.

मला ती अजून पहिल्या दिवसाची दिसते. बेंबीखाली कातडी असायला पाहिजे तिथं पोट उघडं, आणि पिशवी उलटून बाहेर आलेली, लाल, ओली, थेंब थेंब पाझरणारी. बाकी लेकरू कसं, तर टपोरं. रडणं असं खणखणीत की दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, ही पुढं सरपंच होणार.

आता तुझ्या कामाचं. लातूरच्या कोर्टाची १२ सप्टेंबरची तारीख मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली. अंगदराव सोडचिठ्ठीला राजी नाहीत, म्हणून तुझा वकील म्हणतो की मुलीच्या आईनं, म्हणजे मी, लिहून द्यावं. काय, तर पोर जन्मली त्याच दिवशी मी लातूरला फोन करून सगळं सांगितलं, आणि जावई म्हणाले, "पोरीची जात हाय, बारशाला येऊन बघू." दोन ओळींचं तर काम आहे, असं तू म्हणतीस.

हाव, दोन ओळींचंच आहे. लिहिते की. पण चष्म्याची दांडी मोडली आहे, दोऱ्यानं बांधून काम चालवते. कंधारला बाजाराच्या दिवशी दुरुस्त करीन मग लिहीन. कोर्टाचा कागद आहे, वाकडंतिकडं नको जायला.

लातूरच्या त्या लोकांचं नाव निघालं की माझ्या तोंडाला कडू येतं. तुझी सासू बारशाला आली होती ती जरीचं पातळ नेसून. जन्मात विसरणार नाही.

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "माय, तू नसतीस तर त्या दिवसांत माझं काय झालं असतं." असं लिहीत जाऊ नको.

माय

*

माळेवाडी
३० जुलै २०२४

वर्षाबाई,

चष्मा झाला. लिहून द्यायचं अजून झालं नाही, त्याचं कारण ऐक.

परवा अंगदराव आले होते. फोन नाही, निरोप नाही. मी ओट्यावर हरभऱ्याची डाळ निवडत होते. मोटारसायकल दारात थांबली आणि बघते तर हा. वाळून गेलाय. डाळ मिलीतल्या माणसाच्या भुवयांवर बारीक धूळ असते ना, ती पुसायचीसुद्धा राहून गेली होती.

मी म्हणलं, "या अंगदराव. वाट चुकलात जणू."

"न्हाई मामी. वाट चांगली ठाव हाय."

शेजारची रत्नम्मा भिंतीवरून डोकावलीच. तिला सुख कुठलं. "चांगुणाबाई, जावई आला, कोंबडं कापा की."

मी म्हणलं, "तुझंच आण पकडून, रोज माझ्या अंगणात हागून राहिलंय."

त्यावर ते हसले. तुझ्या नवऱ्याला हसताना मी पाच वर्षांनी पाहिलं. मग पिशवीतून एक दप्तर काढलं. गुलाबी, त्याला पुढं दोन कप्पे. म्हणाले, "सुकन्यासाठी हाय. पुण्याचा पत्ता वर्षा देत न्हाई. तुम्ही धाडा. एका कप्प्यात तिचं कापडबिपड राहील, पोरांना दिसणार न्हाई."

मी दप्तर मांडीवर घेतलं आणि चेन उघडत-लावत बसले.

मग ते बोलले. मान खाली, माझ्याकडं बघून नाही, डाळीकडं बघून. जसं बोलले तसं लिहिते.

"मामी, बारशाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांपुढं म्हणालात की मी फोनवर असं असं बोललो. पाच वर्षं आठवून राहिलो. पहिल्यांदा म्हणलं, मिलीत मशीनचा आवाज, मला ऐकूच आलं नसंल. मग म्हणलं, तुम्हाला दुसरंच काही ऐकू आलं असंल. मी दारू पीत न्हाई, तुम्हाला ठाव हाय. आता आता मी स्वतःला सांगून राहिलो, की बोललोच असंन. माणूस बोलून जातं. माझी माय सुद्धा म्हणते, बोलला असशील रे, आठव."

मी दप्तराची चेन लावली.

"वकील म्हणतो तुम्ही लिहून देणार. द्या. तुम्ही लिहिलं तर मी भांडत न्हाई, सही करून टाकतो. फक्त तोंडानं एकदा सांगा. मी बोललो होतो का?"

मी चहा टाकायला आत गेले. साखर दोनदा पडली. ते तसाच गोड चहा पिऊन गेले.

मी काय उत्तर दिलं ते तुला कळून काय करायचंय.

दप्तर एसटीच्या पार्सलनं पाठवलं आहे. त्यांनी दिलं असं सुकन्याला सांगायचं की नाही ते तू बघ.

माय

*

माळेवाडी
१७ ऑगस्ट २०२४

वर्षाबाई,

काल फोनवर तू रागावलीस ते बरोबर आहे. तारीख महिन्यावर आली आणि आईकडून दोन ओळी होत नाहीत. "माय, तुला माझी बाजू घ्यायची न्हाई का?" हे मात्र तू बोलायला नको होतंस. सगळं तुझ्या बाजूनंच तर केलं.

मी कंधारला गेले होते. कोर्टाबाहेर एक टायपिंगवाला बसतो. त्याला सांगितलं, त्यानं खटखट करून कागद काढला आणि शाईचा डबा पुढं केला. म्हणाला, "आजी, इथं अंगठा."

मी म्हणलं, "मला सही येते."

तुला आठवत नसेल, तू पहिलीत होतीस. तू पाटीवर क काढायचीस आणि मी चुलीपुढं राखेत. तू दुसरीत गेलीस, मीही गेले. तू बारावीला गेलीस तोवर मी तुझं सगळं मराठीचं पुस्तक वाचून काढलं होतं. ज्या अक्षरांसाठी मी एवढी राख फुंकली, त्या अक्षरांनी मला त्या कागदावर सही करायला बसवलं. मी पेन हातात घेतलं. मग टायपिंगवाल्याला म्हणलं, पाणी पिऊन येते. आणि एसटीत बसून घरी आले.

तुला त्या नांदेडच्या दिवसाचं कधी नीट सांगितलंच नाही. पोर मंगळवारी झाली. तुला टाके पडलेले, अंगात रक्त नाही, म्हणून तुला कंधारच्या दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मी न् तुझे दादा, आम्ही दोघं नवरा-बायको, जीप करून पोरीला नांदेडला घेऊन गेलो. तिथले लेकरांचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी तपासलं, तिच्या दोन्ही कुल्ल्यांना हात लावून दाखवलं, की पुढं जिथं हाड हाडाला मिळायला पाहिजे तिथं फट आहे, म्हणून पोट मिटलं नाही. आणि म्हणाले, "पहिल्या दोन-तीन दिवसांत हाडं मऊ असतात, आजी. जवळ येतात." एवढं म्हणाले.

माझे हात तुला माहीत आहेत. चाळीस वर्षं या गावात जन्मलेलं लेकरू माझ्या पायावर न्हालं. चपटं डोकं गोल केलं, बसकी नाकं वर काढली, वाकडे पाय सरळ केले. गावातली निम्मी नाकं माझ्या बोटांची आहेत. मला हाडं मऊ असतात हे डॉक्टरनं सांगायला पाहिजे होतं का?

तू पुण्याच्या डॉक्टरांना एकदा विचारलं होतंस, ऑपरेशनला उशीर झाला म्हणून असं झालं का? तेव्हा तू मला लिहिलं होतंस ते पत्र मी जपून ठेवलं आहे. ते म्हणाले होते, नुसत्या उशिरानं झालं असं कुणी सांगू शकणार नाही, दोन दिवसांत शिवलेलीसुद्धा कधी उसवतात, आणि कुठं कुठं तर मुद्दाम महिना-दोन महिने थांबून मग शिवतात. हे मी किती वेळा वाचलं असेल. घडी घालून घालून कागद मधोमध फाटला.

लिहून द्यायचं आजही राहिलं. पोळ्याच्या आत नक्की पाठवते.

माय

*

माळेवाडी
२८ ऑगस्ट २०२४

वर्षाराणी,

हे पत्र बसून वाच. सुकन्या शाळेत असताना वाच.

मागच्या पत्रात मी दोन ठिकाणी अर्धं लिहिलं. पहिलं, पुण्याच्या डॉक्टरांचं. त्यांचं पुढचं वाक्य तुझ्याच अक्षरात आहे, मी ते गाळलं. "पण त्या पहिल्या दिवसांत उघड्या पिशवीला जी जखम झाली, पू झाला, सूज आली, त्यानं फार नुकसान केलं. थांबायला हरकत नसते, पण नीट झाकून, डॉक्टरांच्या नजरेखाली."

दुसरं, नांदेडचं. हाडं मऊ असतात एवढंच ते डॉक्टर नव्हते म्हणाले. ते म्हणाले, "आजी, आजच निघा. पुण्याला, मुंबईला, जिथं अशी लेकरं नेहमी येतात तिथं. मी फोन करून ठेवतो. आत्ता शिवायचं का नंतर, ते तिथले ठरवतील. लवकर जमलं तर हाडं कापावी लागणार नाहीत. पण तोवर यावर कापड घालायचं नाही, चिकटतं. तेल नाही, हळद नाही, शेक नाही." त्यांनी पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी दिली, सलाईनची बाटली दिली, ओलं कसं ठेवायचं ते दाखवलं. चिठ्ठी दिली.

जीपमध्ये मी तुझ्या दादांना म्हणलं, "मला बारा दिवस द्या."

ते म्हणाले, "डॉक्टरचं ऐकावं, चांगुणे."

मी म्हणलं, "डॉक्टरनं किती लेकरं न्हाऊ घातली?"

गेल्या वर्षी वारले तोवर दादा त्या गोष्टीवर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मी वाढलेलं ताट ते भिंतीकडं तोंड करून जेवायचे. तुला वाटायचं म्हातारपण.

चिठ्ठी चुलीत गेली.

आता फोनचं. मी लातूरला फोन केला, तो खरा. पहिल्याच दिवशी केला. अंगदरावांना म्हणलं, "पोरगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल." ते म्हणाले, "मामी, मी आत्ता निघतो." पोरीची जात वगैरे काही नाही. पोरगी म्हणल्यावर हसले. मी म्हणलं, "आता सोयर हाय, घरात देवाचं करता येत न्हाई, लोक नावं ठेवतील. बारशालाच या सगळे, कुंची-पाळणा घेऊन." ते ऐकले. मोठ्या माणसाचं ऐकायची त्यांना खोड आहे.

आणि नांदेडहून येताना तुला घरी आणल्यावर तुला सांगितलं, की लातूरच्यांना सगळं सांगितलंय, ऑपरेशनला बापाची सही लागते, पण पोरगी झाली म्हणून त्यांना घाई नाही. तुझ्या कानाला फडकं बांधलं, दार लोटलं, आणि बाळंतिणीनं फोनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तू हट्ट केलास तेव्हा सांगितलं की फोन हौदात पडला. हौदात पडला नव्हता.

का केलं, ते विचारशील. लातूरचे लोक असं लेकरू बघून तुला माघारी धाडतील ही भीती होती. ही भीती तुला सांगण्यासारखी आहे, म्हणून पहिली लिहिली. दुसरी अशी, की गाव म्हणेल, चांगुणाबाईच्या हातची सगळी लेकरं सरळ आणि घरात हे. आणि तिसरी भीती नव्हतीच, तो माज होता. मला वाटलं मी मिटवीन. बाराव्या दिवशी लातूरची माणसं पाळण्यात बघतील आणि कुणाला काही कळणार नाही.

रोज सकाळी तिला पायावर घेतलं. दोन्ही कुल्ल्यांना तळहात लावून दाबलं. जवळ यायची गं हाडं. दाबलं की बोटभर जवळ यायची, सोडलं की माघारी. म्हणून मऊ धुवट लुगड्याचा पट्टा फाडला आणि कंबर आवळून बांधली. पिशवीवर तेलाचा बोळा ठेवला. बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली. डॉक्टरनं जे जे नको म्हणलं ते ते माझ्या हातानं झालं. चौथ्या दिवशी पट्टा सोडला तर कापड चिकटून निघालं, रक्त आलं. तू आतून विचारलंस, "माय, का रडून राहिली एवढी?" मी म्हणलं, "पाणी ऊन झालं जरा."

तेव्हा तरी थांबायला पाहिजे होतं. चौथाच दिवस होता. मी मनाशी म्हणलं, चौथ्या दिवशी नेलं तर डॉक्टर विचारतील, तिसऱ्या दिवशी का नाही आणलं? आठव्या दिवशी ताप आला तेव्हाही असंच म्हणलं. उशीर लपवायला आणखी उशीर केला.

बारशाला ते आले. तुझी सासू सिंधुबाई जरीचं पातळ नेसून आली, कारण ती नातीच्या बारशाला आली होती. तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. सिंधुबाईनं पाळण्यात ठेवायला कुंची सारखी केली आणि तिच्या हाताला पू लागला. ती म्हणाली, "असं लेकरू लपवून ठेवलंत, विहीणबाई?" अंगदराव म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई." तू बाजेवरून ओरडलीस, "मायनं पहिल्याच दिवशी सांगितलंय." आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणलं, "हाव, सांगितलं होतं. जावईबापू म्हणाले, पोरीची जात हाय, बारशाला येऊन बघू."

ते वाक्य मी तिथं उभ्या उभ्या जुळवलं. आधी ठरवलेलं नव्हतं.

पुढचं तू जाणतेस. पू निपटायलाच महिने गेले, चार महिन्यांची झाल्यावर हाडं कापून शिवलं, पाय बांधून सहा आठवडे निजवलं, तरी उसवलं. दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा शिवलं. दोन्ही खेपेला अंगदराव दवाखान्याच्या जिन्यात झोपले आणि तू त्यांच्याशी बोलली नाहीस. तुमचं कुठलंही भांडण शेवटी माझ्या त्या एका वाक्यावर यायचं, आणि एक दिवस तू पोरीला उचललंस आणि पुणं गाठलंस. मी तुला म्हणलं, बरं केलंस.

जुलैत ते आले तेव्हा त्यांनी विचारलं, मी बोललो होतो का? चहाचा कप देताना मी म्हणलं, "हाव, बोलला होतात." त्यांनी मान हलवली. जणू मी त्यांचा जुना आजार त्यांना नाव घेऊन सांगितला.

वकिलाला लिहून पाहिजे होतं. हेच माझं लिहून देणं. दाखव त्याला. अंगदरावांनाही दाखव. खाली सही करते आहे, अंगठा नाही.

चांगुणाबाई लिंबाजी
माळेवाडी, ता. कंधार

*

माळेवाडी
१३ सप्टेंबर २०२४

वर्षाराणी,

पंधरा दिवस तुझा फोन आला नाही, म्हणून पत्र पोचलं की गिरणीवरच राहिलं ते कळेना. काल मी लातूरला आले होते. कोर्टासमोर चहाची टपरी आहे, तिथं बाकावर बसले. पत्र पोचलं नसेल तर आडवं पडून तुला सही करू द्यायची नाही, एवढंच ठरवून आले होते. तुझ्यापुढं यायचं ठरवलं नव्हतं.

तू पायरीवर अंगदरावांच्या हातात कागद दिलास. ते उभ्यानं वाचू लागले, मग बसले. वाचून झाल्यावर पहिल्या पानावर परत गेले. मला वाटलं होतं ते माझ्या नावानं ओरडतील. काही नाही. कागदाची घडी घातली, तुला परत दिली, आणि हाताच्या पालथ्या बाजूनं भुवया पुसल्या.

तेवढ्यात सुकन्यानं तुझा पदर ओढला. तू गुलाबी दप्तराचा पुढचा कप्पा उघडलास. कोपऱ्यात भिंतीशी तिला बदलत होतीस तेव्हा त्यांनी आपला रुमाल दोन हातांनी ताणून धरला, जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसू नये म्हणून. तोंड दुसरीकडं करून. तुझ्याकडंही बघितलं नाही त्यांनी. आतून नाव पुकारलं, दोनदा. तुमच्यापैकी कुणी गेलं नाही. वकील दारात येऊन हात हलवून राहिला होता.

मग तू मला पाहिलंस. रस्त्याच्या पलीकडून, गाड्यांच्या मधून. आपल्या गावची नाही असं कळल्यावर माणूस एसटीच्या पाटीवरची नजर काढून घेतं, तशी काढून घेतलीस.

तिघं एका ऑटोत बसलात. पुढं काय ठरलं ते मला विचारायचा हक्क नाही. विचारत नाही.

रत्नम्माच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आहे. मला न्हाऊ घालायला बोलावलं होतं. मी नाही म्हणलं. ती भिंतीवरून म्हणाली, "एवढा भाव खाऊन राहिलीस?" मी म्हणलं, "हात दुखतात."

माय

*

माळेवाडी
११ ऑक्टोबर २०२४

वर्षाराणी,

काल सिंधुबाईंचा फोन आला. तुझ्या सासूचा. पाच वर्षं मी गावभर जिला नावं ठेवली, तिनं मला फोन करून सांगितलं की ऑपरेशन झालं, सात तास लागले, पोर शुद्धीवर आहे, पाणी मागून राहिली आहे. अंगदराव तिथंच आहेत. ती काही टाकून बोलली नाही. टाकून बोलली असती तर मला झोडपल्यासारखं हलकं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही येऊ नका म्हणली वर्षा. आणि एक गोष्ट तेवढी विचारायला सांगितलीय. त्या बारा दिवसांत तिचा फोन कुठं होता?"

एवढ्या मोठ्या पत्रातून तू तेवढंच धरलंस. बरोबर धरलंस.

दवाखान्यात जायच्या घाईत घरीच राहिला होता, मग ज्वारीच्या कोठीत होता. आतल्या खोलीतली पत्र्याची मोठी कोठी, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून खाली पुरला. बंद करायला पाहिजे होता. तुझा तो बटणाचा फोन मला बंद करता येत नव्हता. अक्षरं शिकले होते, पण ती इंग्रजी होती.

तो वाजायचा, वर्षा. सकाळी मी पोरीला पायावर घेतलेलं असायचं तेव्हा, अंगदरावांची मिलीत जायची वेळ. दुपारी, जेवणाची सुट्टी. संध्याकाळी दोनदा. ज्वारीतून आवाज लई बारीक यायचा, रातकिडा असल्यासारखा. एकदा तू म्हणालीस, "माय, काय वाजून राहिलं?" मी म्हणलं, "उंदीर झालेत." आणि तुझ्या कानाचं फडकं आणखी आवळून बांधलं. चौथ्या दिवसापर्यंत वाजला. पट्ट्याला चिकटून रक्त आलं त्या सकाळीसुद्धा. माझे दोन्ही हात तेलाचे होते आणि तो वाजत होता. मी फक्त उठून कोठीपर्यंत जायला पाहिजे होतं. दहा पावलं.

मग तो आपोआप मेला.

त्यानंतर मी ती कोठी तळापर्यंत कधी रिकामी केली नाही. दर साल वरून ज्वारी ओतत गेले, वरचीच काढून दळत गेले. काल फोन ठेवल्यावर सगळी ज्वारी अंगणात ओतली. रत्नम्मा विचारत होती, कीड लागली का? तळाला सापडला. बटणांच्या फटीत दाणे बसले होते, ते मी सुईनं काढले.

या पत्रासोबत पार्सलमध्ये तो ठेवते आहे. तू म्हणालीस येऊ नको, मी येत नाही. हा तेवढा घे. तुझ्या नवऱ्याचे चार दिवस त्यात आहेत.

चांगुणाबाई